सामुदायिक वायरलेस मेश : मुक्त फर्मवेअर आणि स्वतःच्या सर्व्हरवरची संवादव्यवस्था

जाळेकर

सामुदायिक वायरलेस मेश म्हणजे शेजारपाजारच्या राउटरनी एकमेकांना बिनतारी जोडून बनवलेले लोकांचे स्वतःचे जाळे. त्याविषयी जे काही वाचायला मिळते, त्यातले बहुतेक एकाच इंटरनेट जोडणीचे अनेकांत वाटप कसे करावे याभोवती फिरते. हा धागा वेगळ्या प्रश्नासाठी काढत आहे. बाहेरची जोडणी तुटली, तर मेशमधल्या लोकांना एकमेकांशी बोलता येते का? रेडिओचे दुवे शाबूत असतात, नोड (जाळ्यातले राउटर) एकमेकांना दिसत असतात, निरोपांचा सर्व्हरही मेशच्या आतच चालू असतो, आणि तरीही फोनवरचे अ‍ॅप ‘जोडणी सुरू आहे’ एवढेच दाखवत राहते. असे का होते, आणि ते टाळण्यासाठी फर्मवेअर, म्हणजे राउटरमध्ये चालणारी मूळ प्रणाली, निवडतानाच काय ठरवावे लागते, यावर सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

माझे म्हणणे आधीच मांडतो. फर्मवेअर आणि संवादव्यवस्था यांचा निर्णय एकत्रच व्हायला हवा. राउटरवर काय चालते यावर नावे कोण सोडवणार (डीएनएस, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता शोधून देणे), वेळ कोण सांगणार, सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र कोणाचे आणि नेटवर्कचे दोन तुकडे झाले तर काय होणार, हे सारे अवलंबून असते.

मुक्त फर्मवेअर का, याचे उत्तर इतिहासातच आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे लक्षात आल्यावर जीपीएल या मुक्त-सॉफ्टवेअर परवान्याच्या अटीनुसार २००३ मध्ये त्याचा स्रोत खुला झाला आणि पुढच्याच वर्षी ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त फर्मवेअरची सुरुवात झाली. जर्मनीतले फ्रायफुंक, कातालोनियातले ग्वीफी आणि अथेन्समधले एडब्ल्यूएमएन ही सामुदायिक नेटवर्कही त्याच सुमाराची. कारखान्यातून येणाऱ्या फर्मवेअरमधली ‘मेश’ सुविधा बहुधा त्याच कंपनीच्या उपकरणांपुरती चालते, आणि कंपनीने अद्ययावत आवृत्त्या देणे थांबवले की सुस्थितीतले उपकरणही धोक्याचे ठरते. सामुदायिक नेटवर्कमध्ये लोक हाती असलेली, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे घेऊन येतात. त्यांना एका भाषेत बोलायला लावायचे, तर फर्मवेअर आपल्या ताब्यात हवे.

आज तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नुसते ओपनडब्ल्यूआरटी घेऊन सगळी मांडणी हाताने करणे. दुसरा ग्लुऑन, म्हणजे फ्रायफुंकच्या समूहांनी घडवलेला सांगाडा, ज्यातून प्रत्येक समूह आपल्या नावाची, आपल्या मांडणीची फर्मवेअर प्रतिमा (राउटरमध्ये टाकायची तयार फाइल) बनवतो. तिसरा लिब्रेमेश. त्यात जवळच्या नोडचे गट बॅटमन-अ‍ॅडव्हान्स्डने दुसऱ्या थरावर (सगळे जणू एकाच स्थानिक नेटवर्कवर असावेत तसे) एकत्र बांधले जातात आणि असे गट आपसांत तिसऱ्या थरावर (आयपी पत्त्यांच्या आधारे), उदाहरणार्थ बेबल या प्रोटोकॉलने, जोडले जातात. मला तिसरा विचार सर्वांत शहाणपणाचा वाटतो. बॅटमन-अ‍ॅडव्हान्स्ड २०११ पासून लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे, आणि दुसऱ्या थरावरच्या जोडणीमुळे चालत्या माणसाचा फोन एका नोडवरून दुसऱ्यावर गेला तरी त्याचा आयपी पत्ता बदलत नाही, सुरू असलेला कॉल तुटत नाही. पण दुसऱ्या थराचे एकच विशाल क्षेत्र केले, तर प्रत्येक फोनचा एआरपी प्रश्न (‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ ही विचारणा) आणि प्रत्येक प्रिंटरची हाक साऱ्या नेटवर्कभर घुमत राहते. वितरित एआरपी तक्त्याने (उत्तरे नोडांत वाटून साठवल्याने) हा भार हलका होतो, तरी पूर्ण जात नाही. बेबलची प्रमाणित व्याख्या २०२१ च्या आरएफसी ८९६६ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात आहे. तो प्रोटोकॉल अशा हाका पुढे नेत नाही, आणि दूरच्या गटांना जोडण्यासाठी नेमके तेच हवे असते.

आता ज्या कारणाने निरोप अडतात, त्यातले एक जवळून पाहू. बहुतेक स्वस्त राउटरमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की वेळ विसरली जाते. पुन्हा सुरू होताना ओपनडब्ल्यूआरटी मांडणीच्या फाइलींपैकी सर्वांत अलीकडे बदललेली फाइल शोधते आणि तिची वेळ हीच आत्ताची वेळ मानून पुढे जाते. मांडणीत गेले चार महिने कोणी हात घातला नसेल, तर राउटर चार महिने मागे जागा होतो. बाहेरचा एनटीपी (वेळ सांगणारा) सर्व्हर उपलब्ध असेल, तर काही क्षणांत दुरुस्ती होते. नसेल, तर मधल्या काळात नूतनीकरण झालेले प्रमाणपत्र त्याला ‘अजून वैध नाही’ असे दिसते. वायरगार्ड या कूटबद्ध बोगदा (व्हीपीएन) उभारणाऱ्या प्रणालीचे त्याहून कठीण. त्याच्या ओळख-संदेशात वेळेचा शिक्का असतो आणि आधी पाहिलेल्या शिक्क्याहून जुना शिक्का समोरचा नोड स्वीकारत नाही. किल्ल्या बरोबर, रेडिओ बरोबर, आणि बोगदा मात्र उभा राहत नाही. यावरचा उपाय साधा आहे. मेशमध्ये किमान एका ठिकाणी बॅटरीचे घड्याळ किंवा जीपीएस असलेले यंत्र ठेवावे, त्यावर एनटीपी चालवावे आणि प्रत्येक नोडच्या फर्मवेअरमध्ये त्याचा पत्ता नावाने न लिहिता अंकांत लिहावा. हा पत्ता प्रतिमा तयार करतानाच घालावा लागतो, म्हणूनच दोन्ही निर्णय एकत्र घ्यावेत असे म्हणतो.

नवनोड

लेख आवडला. प्राथमिक प्रश्न आहे, कारण आमचा समूह आता उपकरणे जमवू लागला आहे. लोकांच्या कपाटात पडून असलेले जुने राउटर वापरता येतील का, आणि मुक्त फर्मवेअर टाकल्यावर त्यातले सगळेच मुक्त होते का?

जाळेकर

नवनोड, चार मेगाबाइट फ्लॅश (कायमची साठवण) आणि बत्तीस मेगाबाइट रॅमची उपकरणे बाजूला ठेवा. अलीकडच्या आवृत्त्या त्यांत मावत नाहीत आणि जुनी, सुरक्षा-दुरुस्त्या बंद झालेली आवृत्ती सामुदायिक नेटवर्कवर चालवणे योग्य नाही. आठ आणि चौसष्ट हा किमान आकडा मानला जातो, पण मेशची पॅकेजे धरता सोळा आणि एकशे अठ्ठावीस असेल तरच पुढची काही वर्षे निभावतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते समूहाला स्पष्ट सांगावे. राउटरच्या मुख्य प्रोसेसरवर चालणारी व्यवस्था मुक्त होते. रेडिओ चिपच्या आत चालणारे फर्मवेअर बहुधा बंदच राहते. एथेरॉसच्या जुन्या, एटीएच९के ड्रायव्हरवर चालणाऱ्या चिपना असे वेगळे फर्मवेअर लागतच नाही, म्हणून मेशमधल्या लोकांना त्या अजूनही प्रिय आहेत. नंतरच्या एटीएच१०के चिपना ते लागते. मीडियाटेकचा एमटी७६ ड्रायव्हर मुक्त असून कर्नलमध्ये आहे, मात्र त्याच्या नव्या चिपनाही असे बंद फर्मवेअर लागते. नवीन खरेदी करायचीच असेल, तर मी एमटी७६ वर चालणारी उपकरणे सुचवेन. २०२४ च्या अखेरीस आलेले ओपनडब्ल्यूआरटी वन हे त्याच कुळातले. त्यात मुख्य नँड फ्लॅशखेरीज पुनर्प्राप्तीसाठी वेगळी नॉर फ्लॅश आहे, त्यामुळे बिघडलेली प्रतिमा टाकली गेली तरी उपकरण परत उठवता येते. ज्यांना छतावर चढून राउटर खाली आणावा लागतो, त्यांना या सोयीचे मोल कळेल.

अँटेना

मुख्य लेखात रेडिओची बाजू थोडक्यात उरकली गेली आहे, ती भरून काढतो.

वाय-फायमध्ये एका वाहिनीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. मेश आणि फोन यांच्यासाठी एकच रेडिओ असेल, तर प्रत्येक टप्प्यावर तोच संदेश त्याच वाहिनीवर पुन्हा पाठवावा लागतो, म्हणून दुसऱ्या टप्प्यावर वेग साधारण निम्मा, तिसऱ्यावर एक-तृतीयांश होतो. नोडमध्ये किमान दोन रेडिओ हवेत. नोडनोडमधला दुवा ५ गिगाहर्ट्झवर आणि फोन २.४ वर अशी विभागणी बहुतेक ठिकाणी चालते.

पण ५ गिगाहर्ट्झमधल्या बऱ्याच वाहिन्या रडारबरोबर वाटून घ्याव्या लागतात. त्या वाहिनीवर बोलण्यापूर्वी उपकरणाने किमान ६० सेकंद नुसते ऐकायचे असते, आणि युरोपात हवामान-रडारच्या पट्ट्यात हीच वाट १० मिनिटांची असते. रडार ऐकू आले की वाहिनी सोडावीच लागते. साध्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या बाबतीत हे क्षम्य असते, कारण फोन त्याच्यामागे नव्या वाहिनीवर जातात. मेशमध्ये एक नोड उठून गेला आणि शेजाऱ्याला ती सूचना पोचली नाही, तर दुवा तुटतो. म्हणून मेशच्या दुव्यांसाठी रडारमुक्त वाहिन्याच ठेवाव्यात, त्यांवर गर्दी असली तरीही.

आणखी एक गोष्ट. सर्वांसाठीचे प्रसारण-संदेश वाय-फाय सर्वांत हळू मूलभूत वेगाने पाठवते. ८०२.११बी या वाय-फायच्या जुन्या मानकाचे वेग चालू असतील, तर तो वेग सेकंदाला १ मेगाबिट असतो. जो संदेश एरवी पापणी लवायच्या आत गेला असता, तो हवेतला बराच वेळ खातो आणि बाकी सारे थांबून राहतात. हे जुने वेग बंद करणे हा एका ओळीचा बदल आहे आणि गजबजलेल्या मेशवर त्याचा परिणाम लगेच जाणवतो. तसेच ८०२.११एस या वाय-फायच्या मेश-मानकावर बॅटमन-अ‍ॅडव्हान्स्ड चालवत असाल, तर ८०२.११एसचे स्वतःचे मार्गनिर्धारण बंद करायला विसरू नका. दोघेही एकाच वेळी मार्ग शोधू लागले, तर दुव्यांची खरी गुणवत्ता बॅटमनला कळतच नाही.

शांतसर्व्हर

आता संवादाच्या सर्व्हरकडे वळावे. माझे मत स्पष्टपणे एक्सएमपीपी या निरोपांच्या खुल्या प्रोटोकॉलच्या बाजूने आहे. त्याचा गाभा २००४ पासून प्रमाणित आहे. प्रोसोडी हा लुआ भाषेत लिहिलेला सर्व्हर एखाद्या छोट्या एकफलकी संगणकावर, सौरऊर्जेवर, इतर कामे सांभाळून चालतो. खराब दुव्यावर तर त्याची एक सोय फार मोलाची आहे. एक्सईपी-०१९८ या विस्तारानुसार प्रत्येक संदेशाची पोच मोजली जाते, आणि दुवा तुटून पुन्हा जुळला की न पोचलेले संदेशच तेवढे परत जातात. मॅट्रिक्स या दुसऱ्या खुल्या प्रोटोकॉलचा मूळ सर्व्हर सिनॅप्स त्यामानाने जड आहे, आणि त्यात बाहेरच्या एखाद्या मोठ्या खोलीत (गटचर्चेत) कोणी सामील झाले की त्या खोलीची सारी अवस्था आपल्या यंत्राला सांभाळावी लागते.

दुभंग

शांतसर्व्हर, वजनाविषयी तुमच्याशी सहमत आहे, पण या धाग्याचा मूळ प्रश्न दुवे तुटण्याचा आहे आणि तिथे मॅट्रिक्सची रचना अधिक बळकट आहे. एक्सएमपीपीमधली समूहखोली एका सर्व्हरवर राहते. मेशचे दोन तुकडे झाले आणि तो सर्व्हर पलीकडे राहिला, तर अलीकडच्यांना ती खोलीच उरत नाही. मॅट्रिक्समध्ये खोलीचा इतिहास सहभागी असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर असतो आणि प्रत्येक घटना आपल्या आधीच्या घटनांचा निर्देश करते. दोन्ही बाजूंना एकेक सर्व्हर असेल, तर दोन्हीकडचे बोलणे चालू राहते आणि दुवा जुळल्यावर दोन्ही धारा एकत्र येतात. संकटाच्या काळात तुकडे पडतात ते नेमके अशाच वेळी, जेव्हा बोलणे थांबून चालत नाही. वजनाची अडचण असेल, तर बाहेरच्या जगाशी संघटन (इतर सर्व्हरशी देवाणघेवाण) बंद ठेवावे आणि खोल्या मेशपुरत्याच ठेवाव्यात. मग भार पुष्कळ उतरतो.

जाळेकर

दुभंग यांचा मुद्दा मला पटतो, आणि तरीही सुरुवात प्रोसोडीने करावी असेच मी म्हणेन. मॅट्रिक्सचा हा लाभ तेव्हाच मिळतो, जेव्हा प्रत्येक संभाव्य तुकड्यात एकेक सर्व्हर असतो आणि तो सांभाळणारा माणूस असतो. ज्या समूहात सर्व्हर समजणारी दोनच माणसे आहेत, तिथे एक सर्व्हर नीट चालवणे अधिक उपयोगी ठरते. सर्व्हर मेशच्या मध्यात, सर्वाधिक दुवे असलेल्या नोडजवळ ठेवावा. इंटरनेटची जोडणी येते तिथेच सर्व्हर ठेवण्याची सवय पडलेली असते, पण ते ठिकाण पुष्कळदा मेशच्या टोकाला असते आणि तुकडा पडला की तेच आधी सुटते. समूह वाढला, दोन वस्त्यांमधला दुवा वरचेवर जाऊ लागला, तर मॅट्रिक्सकडे जाण्याचे कारण तेव्हा समोर दिसेलच.

ध्वनी

आवाजाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून भर घालतो. वाचायला न येणाऱ्यांसाठी, हात कामात अडकलेल्यांसाठी आवाज हेच संवादाचे साधन आहे. ओपस हे ध्वनिसंकेतन २०१२ मध्ये प्रमाणित झाले आणि ते सेकंदाला ६ किलोबिटपासून चालते. त्यामुळे लोकांना वाटते की मेशवर कितीही कॉल बसतील. पण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठवायचे, तर एका दिशेला सेकंदाला ५० पॅकेट होतात, आणि वाय-फायला पॅकेट किती लहान आहे यापेक्षा ती किती आहेत याचा खर्च जास्त पडतो. म्हणून तुकडा ४० किंवा ६० मिलिसेकंदांचा करावा. थोडा विलंब वाढतो, पण हवा मोकळी होते. गटाच्या बोलण्यासाठी मंबल हे आवाजी गप्पांचे सॉफ्टवेअर आणि त्यातली ‘बटण दाबून बोला’ ही पद्धत मी सुचवेन, कारण जो गप्प आहे तो काहीच पाठवत नाही. गेटवेवर (मेशला इंटरनेटशी जोडणाऱ्या नोडवर) केक किंवा एफक्यू-कोडेल ही रांगव्यवस्थापनाची पद्धत चालू ठेवावी. कोणीतरी मोठी फाइल उतरवत असताना दुसऱ्याचा आवाज तुटतो, त्यामागे बहुतेकदा लांबलेली रांग असते.

नवनोड

एक अडचण आमच्या चाचणीत लगेच दिसली. बाहेरची जोडणी काढताच फोन स्वतःहून मेशचे वाय-फाय सोडून मोबाइल डेटाकडे वळले. निरोपांचा सर्व्हर आतच असल्याने मग तो सापडेना. इंटरनेट आहे का हे फोन ज्या पत्त्यावर तपासतो, तिथून आपणच ‘इंटरनेट आहे’ असे उत्तर द्यावे, असे एकाने सुचवले.

कुलूपकिल्ली

नवनोड, तसे करू नका. फोनला इंटरनेट असल्याचे खोटे सांगितले की बँकेचे, नकाशाचे, आपत्कालीन सूचनांचे असे प्रत्येक अ‍ॅप मेशवर अडकून राहते आणि वापरणाऱ्याला कारण कळत नाही. लोकांचा विश्वास हाच नेटवर्कचा पाया आहे. अँड्रॉइडमध्ये ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरीही जोडलेले राहायचे का’ असा प्रश्न येतो, त्याला होकार देऊन निवड लक्षात ठेवायला सांगता येते. हे प्रत्येक घरी एकदा दाखवावे लागेल, आणि ते दाखवणे हे नेटवर्क उभारणीचेच काम आहे. त्याच भेटीत ‘खासगी डीएनएस’ ही मांडणीही तपासा. तिथे बाहेरच्या एखाद्या सेवेचे नाव लिहिलेले असेल, तर बाहेरची जोडणी जाताच त्या फोनला एकही नाव सोडवता येत नाही, मेशमधलेसुद्धा नाही.

गोपनीयतेबद्दलही लिहितो. एक्सएमपीपीत ओमेमो आणि मॅट्रिक्समधले टोकापासून टोकापर्यंतचे कूटलेखन संदेशाचा मजकूर झाकते. कोण कोणाशी, केव्हा बोलले हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला दिसतेच. मोठ्या कंपनीचा अनोळखी प्रशासक आणि शेजारी राहणारा प्रशासक यांत फरक आहे, आणि काही जणांना शेजाऱ्याला कळण्याचीच भीती अधिक असते. म्हणून नोंदी किती दिवस ठेवायच्या, कोण पाहू शकतो, हे लेखी ठरवून सर्वांसमोर ठेवावे. मेशच्या दुव्यांची सामाईक किल्ली प्रत्येक नोडच्या फ्लॅशमध्ये असते. एक राउटर चोरीला गेला की ती बाहेर गेली असे समजावे आणि तिच्यावर कोणतेही गुपित टाकू नये.

अँटेना

अद्ययावतीकरणाची व्यवस्थाही याच चर्चेत यायला हवी. ग्लुऑनमधली पद्धत मला आदर्श वाटते. नवी प्रतिमा नोडने स्वीकारावी, यासाठी ठरलेल्या संख्येइतक्या जणांच्या स्वाक्षऱ्या लागतात. एकाची किल्ली चोरीला गेली, तर साऱ्या छतांवरचे राउटर एका रात्रीत परक्याच्या हाती जात नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या मागणीनुसार प्रतिमा बनवून देणाऱ्या सेवेत एक त्रुटी उघड झाली. तिथे ओळख पटवणारा हॅश (मजकुराचा गणिती ठसा) अवघ्या १२ अक्षरांवर छाटला जात होता, त्यामुळे बनावट प्रतिमा खपवणे शक्य झाले असते. ती त्वरेने दुरुस्त झाली. तरी समूहाने स्वतः प्रतिमा बनवावी, एकाहून अधिक जणांनी सही करावी आणि आधी मोजक्या नोडवर चालवून मग सर्वत्र पाठवावी, हे मला अनिवार्य वाटते.

नवनोड

या सगळ्याऐवजी लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओवर चालणारी मेशटॅस्टिक ही संदेशव्यवस्था घेतली तर?

अँटेना

सोबत घ्या, ऐवजी नको. लोराचा आवाका मोठा आणि वीज नगण्य लागते, पण एका संदेशात जेमतेम दोनशे बाइट मावतात आणि तेही सावकाश जातात. ‘आम्ही सुरक्षित आहोत, औषध हवे आहे’ एवढे त्यावरून उत्तम पोचते. आवाज, छायाचित्र, समूहातली चर्चा यांसाठी वाय-फायचीच मेश लागते.

जाळेकर

प्रमाणपत्रांचा विषय राहिला होता. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्र-सेवेचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते. सर्व्हर बाहेरून दिसत नसला तरी डीएनएसमध्ये नोंद करून मालकी सिद्ध करण्याच्या पद्धतीने ते मिळवता येते. दोन-तृतीयांश मुदत संपताच नूतनीकरण केले, तर बाहेरची जोडणी महिनाभर नसली तरी काम अडत नाही. मात्र सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होऊन मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे, म्हणजे हाच अवकाश पंधरवड्यावर येईल. स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बनवावे, तर अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅप्स वापरकर्त्याने घातलेली मूळ प्रमाणपत्रे आपणहून मानत नाहीत. कॉन्व्हर्सेशन्ससारखे एक्सएमपीपी अ‍ॅप अनोळखी प्रमाणपत्र दाखवून एकदा विचारते आणि ते लक्षात ठेवते. प्रोसोडीच्या बाजूने माझा कौल जाण्याचे हेही एक कारण आहे.

नवनोड, तुमच्या पुढच्या चाचणीसाठी क्रम सुचवतो. आधी गेटवेची तार काढा. मग सर्व्हर आणि सगळे नोड यांची वीज बंद करून पुन्हा चालू करा, कारण नुसती तार काढल्याने घड्याळाचा दोष दिसत नाही आणि नावांची जुनी उत्तरेही साठवणीत राहून फसवतात. फोनही बंद करून सुरू करा. त्यानंतर दोन टोकांच्या नोडवरून एकमेकांना निरोप पाठवा आणि कॉल करा. जे अडेल, ते नोडच्या नोंदींसह इथे लिहा.